टर्बोला हात न लावता टर्बो कसा सांभाळायचा

गाडीसोबत आलेली पुस्तिका उघडा आणि देखभालीच्या तक्त्यात ‘टर्बो’ हा शब्द शोधा. बहुतेक गाड्यांच्या तक्त्यात तो नसतोच. ऑइल आहे, फिल्टर आहेत, कूलंट आहे, प्लग आहेत. पण टर्बोला अमुक किलोमीटरनंतर ग्रीस लावा, तमुक किलोमीटरनंतर उघडून पुसा, असं काही लिहिलेलं नाही. छापणारा विसरलेला नाही. टर्बोमध्ये मालकाने हात घालण्यासारखं काही नसतंच. त्याला लागतं ते सगळं बाहेरून येतं: स्वच्छ तेल, स्वच्छ हवा, तापल्यावर निवायला थोडा वेळ आणि बेताने दाबला जाणारा ॲक्सिलरेटर. टर्बो स्वतःहून सहसा मरत नाही, त्याला आजूबाजूचे मारतात. म्हणून देखभाल करायची ती त्या आजूबाजूच्यांची.

आधी आत काय चालतं ते पाहू

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या झोतावर एक छोटं चाक फिरवायचं, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक बसवायचं आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. टर्बो म्हणजे एवढंच. जास्त हवा मिळाली की जास्त इंधन जाळता येतं, म्हणून छोट्या इंजिनातून मोठ्या इंजिनाचा जोर मिळतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं होतं, पण सामान्य गिऱ्हाइकाच्या मोटारीत टर्बो यायला १९६२ उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायरची गोष्ट मला फार आवडते. सिलिंडरमध्ये इंधनाने अवेळी पेट घेऊ नये म्हणून त्या गाडीत डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉलचं मिश्रण एका वेगळ्या टाकीतून सोडलं जाई. ती टाकी भरायचं काम मालकाचं. लोक विसरत. टाकी रिकामी झाली की गाडी आपणहून टर्बोचा दाब उतरवत असे आणि मालक गाडी ओढत नाही म्हणून तक्रार घेऊन हजर. दोनच वर्षांत ते मॉडेल बंद पडलं. तंत्र त्यानंतर कुठल्या कुठे गेलं, पण मालकाच्या विसराळूपणात फरक नाही. आता तो तेल विसरतो.

तेल का महत्त्वाचं, ते आकड्यांवरून कळेल. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असतं तेव्हा आपल्याला ते ओरडतंय असं वाटतं. छोट्या गाडीतला टर्बो जोरात असताना मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. पेट्रोल गाडीत त्याच्या एका टोकाला ९०० ते १००० अंश सेल्सिअसचे वायू आदळत असतात (डिझेलमध्ये थोडे कमी), आणि काही सेंटिमीटरवरच्या दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा असते. मधला शाफ्ट बहुतेक गाड्यांत बॉल बेअरिंगवर नसतो. तो बुशमध्ये, म्हणजे धातूच्या गुळगुळीत कड्यात, केसाहून पातळ अशा तेलाच्या थरावर तरंगत फिरतो. हा थर आहे तोवर धातू धातूला लागत नाही. तो क्षणभर तुटला तरी बुशवर ओरखडा पडतो, आणि तो ओरखडा पुन्हा भरून येत नाही. तेच तेल उष्णताही वाहून नेतं. म्हणजे वंगणही तेच आणि गारवाही तेच.

पायरी पहिली: तेल, आणि इथे कंजुषी नाही

तेल निवडताना लोक फक्त डब्यावरचा मोठा आकडा पाहतात: ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० वगैरे. तो दाटपणा झाला. तेवढाच महत्त्वाचा असतो डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला दर्जा: एपीआय (अमेरिकी संस्थेचा), एसीईए (युरोपीय मोटार उत्पादकांच्या संस्थेचा) किंवा गाडीच्या कंपनीचा स्वतःचा मंजुरी क्रमांक. तुमच्या पुस्तिकेत जो दर्जा लिहिलाय तोच, किंवा त्याची जागा घेणारा नवा, डब्यावर दिसला पाहिजे. दाटपणा जुळला आणि दर्जा जुळला नाही, तर ते तेल तुमच्या गाडीचं नाही, मग विकणारा काहीही म्हणो.

दर्जाला एवढं महत्त्व देण्यामागे ठोस कारण आहे. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत एक विचित्र आजार दिसू लागला. कमी फेऱ्यांवर, जास्त भार असताना, प्लगची ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेई आणि तो दणका पिस्टन फोडण्याइतका मोठा असे. शोध घेतल्यावर तेलातल्या घटकांचाही त्यात हात निघाला. तेलात साफसफाईसाठी घालतात त्या कॅल्शियमच्या संयुगांचं प्रमाण जास्त असलं की हा प्रकार वाढतो. मग तेलाची कृती बदलली. एपीआयचा एसएन प्लस हा दर्जा २०१८ मध्ये आणि एसपी हा दर्जा २०२० मध्ये आला, आणि या दोन्हींत या आजाराविरुद्धची चाचणी आहे. तुमची गाडी टर्बो पेट्रोल असेल तर एसपी किंवा त्यापुढचा दर्जा घ्या, पुस्तिका जुनी असून एसएन म्हणत असली तरी. नवा एपीआय पेट्रोल दर्जा जुन्याची जागा घेतो, त्यामुळे त्यात धोका नाही. दाटपणा मात्र पुस्तिकेतलाच. डिझेलमध्ये काजळीचा फिल्टर असेल, म्हणजे ज्याला सगळे डीपीएफ म्हणतात तो, तर कमी राख सोडणारं तेल लागतं. ते एसीईएच्या ‘सी’ गटात येतं: सी२, सी३ असं काहीतरी छापलेलं असेल. साधं तेल घातलं तर टर्बो लगेच जाणार नाही, पण फिल्टर राखेने भरेल. भरलेला फिल्टर वायूंची वाट अडवतो आणि अडलेली वाट टर्बोला भोगावी लागते.

तेल कधी बदलायचं? पुस्तिकेत बहुतेक वेळा दोन तक्ते असतात, एक साध्या वापराचा आणि एक कठीण वापराचा. कठीण वापराची व्याख्या वाचा: थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या, रहदारीत रांगत जाणं, धूळ, उष्ण हवा, ओझं ओढणं. प्रामाणिकपणे पाहिलं तर शहरात गाडी चालवणारा जवळजवळ प्रत्येक जण कठीण वापरवाला निघतो. मी स्वतः टर्बो पेट्रोल गाडीचं तेल ७,५०० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी येईल तेव्हा बदलतो, पुस्तिका १५,००० म्हणत असली तरी. हा माझा स्वभाव आहे, नियम नाही. पण पुस्तिकेतल्या आकड्याच्या पुढे मात्र कधीही जाऊ नका. ‘फिरलीच नाही गाडी’ हे कारणही चालत नाही. तेल उभ्या गाडीतही जुनं होतं. आणि तेलाबरोबर फिल्टर प्रत्येक वेळी बदला. जुन्या फिल्टरमधलं काळं तेल नव्या तेलात मिसळायचं, मग नवं तेल घातलंच कशाला?

आता रोजच्या कामाचं. महिन्यातून दोनदा आणि लांबच्या प्रवासाआधी डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टी, काढून पाहा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. डिपस्टिक पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. खूण दोन रेघांच्या मधे हवी. काही नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते, तिथे पडद्यावर पातळी पाहतात. त्याची पद्धत पुस्तिकेत असते. टर्बो इंजिन थोडं तेल खातं, त्यात घाबरण्यासारखं नाही, पण तुमची गाडी किती खाते ते तुम्हाला माहीत हवं. एक छोटी वही ठेवा: तारीख, किलोमीटर, किती तेल वर घातलं. तीन नोंदींनंतर तुम्हाला जे कळेल ते कुठलाही मेकॅनिक एका नजरेत सांगू शकणार नाही.

वरची रेघ ओलांडून तेल भरू नका. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी असं नाही. ते इंजिनाच्या फिरत्या क्रँकने घुसळलं जाऊन फेसाळतं, आणि फेस शाफ्टला तोलून धरत नाही. शिवाय टर्बोतून खाली वाहून येणाऱ्या तेलाची वाटही अडू शकते.

एक खूण नवख्यांना नेहमी चकवते: तेल न घालता पातळी वाढलेली दिसते. आनंद मानू नका. पेट्रोल गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर इंजिन पूर्ण तापतच नाही, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपतं आणि तेलात मिसळतं. डिपस्टिक नाकाजवळ धरा, पेट्रोलचा वास येईल. डिझेलमध्ये फिल्टरमधली काजळी जाळायची प्रक्रिया पुनःपुन्हा अर्धवट राहिली तर असंच होतं. दोन्हीवर उपाय एकच, तेल बदला आणि आठवड्यातून एकदा तरी गाडीला अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर न्या.

पायरी दुसरी: चालू करताना आणि बंद करताना

गाडी रात्रभर उभी राहिली की वरचं तेल खाली तळाशी उतरलेलं असतं. स्टार्टर मारल्यावर पंप ते पुन्हा टर्बोपर्यंत पोचवतो, त्याला काही सेकंद लागतात. म्हणून चालू केल्या केल्या रेस देऊ नका. सीटबेल्ट लावा, आरसे बघा, वीस-तीस सेकंद गेली की हळू निघा. त्याहून जास्त वेळ जागेवर उभं राहून गाडी गरम करायची गरज नाही. उलट थंड इंजिन उभ्या उभ्या फार सावकाश तापतं आणि वर सांगितलेलं पेट्रोल झिरपणं चालूच राहतं. पहिली पाच-दहा मिनिटं सौम्य चालवा. डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचं तापमान दाखवतो, तेलाचं नाही. तेल पाण्याच्या मागून बऱ्याच उशिराने तापतं. काटा मधोमध आला म्हणून लगेच पाय दाबायचा नाही.

बंद करण्याबद्दल मात्र इतके सल्ले हिंडत असतात की मूळ कारण हरवून जातं. कारण असं: तुम्ही जोरात चालवत येऊन लगेच चावी फिरवली, तर तेलाचा प्रवाह थांबतो, पण टर्बोचं गरम टोक गरमच राहतं. ती उष्णता शाफ्टवरून बुशकडे सरकते, तिथे अडकलेलं तेल जळून कडक, काळी खपली तयार होते. पुढच्या वेळी त्या खपलीचे कण बुशमध्ये फिरतात आणि तेलाची बारीक नळी हळूहळू बुजते.

पण ‘प्रत्येक वेळी दोन मिनिटं चालू ठेवा’ हा सरसकट नियम या कारणातून निघत नाही. गल्लीबोळातून, सिग्नलवर थांबत थांबत घरी आलात तर टर्बो आधीच निवलेला असतो. त्या वेळी थांबून तुम्ही फक्त इंधन जाळता. थांबायची गरज असते ती घाट चढून वर पोचल्यावर, महामार्गावर वेगात येऊन थेट हॉटेलात वळल्यावर, ओझं ओढून आल्यावर. तेव्हाही सगळ्यात उत्तम म्हणजे शेवटचे एक-दोन किलोमीटर हलक्या पायाने चालवणं. वाहती हवा आणि वाहतं तेल दोन्ही आपलं काम करतात. ते जमलं नाही तर एक-दोन मिनिटं आयडलवर, म्हणजे रेस न देता, उभी ठेवा. आजच्या बहुतेक पेट्रोल टर्बोंमधून कूलंटही फिरतं आणि काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावर छोटा विजेचा पंप ते फिरवत राहतो. बॉनेटखालून घरघर ऐकू आली, पंखा फिरत राहिला तर बॅटरी काढायला धावू नका. गाडी स्वतःची काळजी घेतेय.

चावी काढल्यावरही इंजिन ठराविक वेळ चालू ठेवणारे टर्बो टायमर बाजारात मिळतात. पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोला त्यांची गरज नाही.

पायरी तिसरी: पाय

टर्बो गाडी कमी फेऱ्यांवरही ओढते, म्हणून वरच्या गिअरमध्ये १२००-१३०० फेऱ्यांवर चढ आला की लोक गिअर न उतरवता ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतात. वर सांगितलेला अवेळी पेटण्याचा आजार नेमका इथेच उद्भवतो. गिअर उतरवा, इंजिनाला दोन हजारांच्या आसपास येऊ द्या, मग दाबा. ऑटोमॅटिक गाडी हे काम बहुधा स्वतः करते.

याच्या उलट, कायम घाबरत घाबरत चालवणंही चांगलं नाही. विशेषतः डिझेलमध्ये. तिथल्या बहुतेक टर्बोंत वायूंची दिशा बदलणाऱ्या छोट्या हलत्या पाकळ्या असतात. कायम मंद चाललेल्या गाडीत त्यांच्यावर काजळी साचते, त्या अडकतात, आणि मग कधी दाब कमी पडतो, कधी गरजेपेक्षा जास्त होतो. इंजिन पूर्ण तापल्यावर आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर नीट जोर लावून चालवलं तर पाकळ्या हलत्या राहतात. मला विचाराल तर टर्बो डिझेलला अतिकाळजीवाला मालक जास्त महाग पडतो.

पायरी चौथी: हवेची वाट

टर्बोचं हवेकडचं चाक सेकंदाला तीन हजारांहून जास्त वेळा फिरत असताना वाळूचा एक कण त्यावर आदळला तर काय होईल, याचा विचार करा. पात्यांच्या कडा झिजतात, चाकाचा तोल जातो, आणि तोल गेलेलं चाक बुश खातं. एअर फिल्टर म्हणूनच महत्त्वाचा. धुळीच्या भागात पुस्तिकेतल्या मुदतीच्या निम्म्या अंतरावर तो काढून पाहा. कागदी फिल्टर झटकून, हवेचा झोत मारून पुन्हा बसवायची सवय सोडा. कागदाला न दिसणारं भोक पडलं की फिल्टर असून नसल्यासारखा. आणि नवा बसवताना डब्याची कड, रबराची कड नीट बसली का ते बोट फिरवून बघा. फिल्टर चांगला आणि झाकण तिरकं, हे मी बऱ्याच गाड्यांत पाहिलंय. तेल लावून वापरायच्या कापडी फिल्टरांच्या फंदात नवख्याने पडू नये. तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसतं.

फिल्टरपासून टर्बोपर्यंत, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत रबरी होज असतात. हवा दाबली की तापते, शंभर अंशांच्या वर सहज जाते. इंटरकूलर तिला निववतो. या सगळ्या वाटेवर कुठेही फट पडली तर दाबलेली हवा बाहेर सुटते. गाडीत दम राहत नाही, डिझेल असेल तर काळा धूर निघतो, जोर लावताना ‘फुस्स’ असा आवाज येतो.

हे मला एकदा चांगलंच शिकायला मिळालं. माझी गाडी अचानक चढावर मरगळली आणि चेक इंजिनाचा दिवा लागला. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावून पी०२९९ हा कोड दाखवला गेला आणि पाच मिनिटांत ‘टर्बो गेला, नवा टाकावा लागेल’ असा निकाल मिळाला. पैसे जमवायचे म्हणून मी गाडी तशीच घरी आणली. दुसऱ्या दिवशी सहज बॉनेट उघडून होज हाताने हलवत गेलो, तर इंटरकूलरच्या तोंडावरची क्लिप सैल होती आणि होज अर्धा निसटलेला. एका स्क्रूड्रायव्हरने टर्बो ‘बरा’ झाला. तो कोड एवढंच सांगतो की हवा होता तेवढा दाब मिळाला नाही. का मिळाला नाही, ते माणसाने शोधायचं असतं.

म्हणून वर्षातून दोनदा, इंजिन थंड असताना, सगळे होज हाताने दाबून पाहा. चिरा, फुगवटा, तेलाने मऊ पडलेलं रबर, सैल क्लिपा. सांध्यावर तेलाचा ओला डाग धुळीने माखलेला दिसला तर हवा तिथूनच सुटतेय असं समजा. गॅरेजमध्ये या वाटेत धूर किंवा कमी दाबाची हवा सोडून गळती शोधतात; सांध्यावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात.

होज काढल्यावर आत तेलाचा पातळ थर दिसेल. घाबरू नका. इंजिनाच्या पोटातली वाफ त्याच्या श्वासनळीवाटे (ब्रीदर पाइपवाटे) याच वाटेत सोडलेली असते, तिच्याबरोबर थोडं तेल येतंच. काळजी करायची ती होज वाकडा केल्यावर तेल ओघळलं तर. पण तेव्हाही पहिला संशय त्या श्वासनळीच्या झडपेवर घ्या. ती तुंबली की इंजिनाच्या पोटात दाब वाढतो, टर्बोतून खाली येणारं तेल मागे ढकललं जातं आणि सीलमधून बाहेर पडतं. टर्बोचे सील रबरी नसतात, पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या कड्या असतात. दाबाचा तोल बिघडला की त्या चांगल्या असूनही गळतात. ही एक झडप न तपासता बदलले गेलेले टर्बो किती असतील, याचा विचारही नको वाटतो.

इंटरकूलरच्या बाहेरच्या जाळीत चिखल, किडे, पानं अडकतात. हलक्या धारेने धुवा. प्रेशर पंपाची धार जवळून मारली तर पत्रे मुडपतात.

पायरी पाचवी: कूलंट

पुस्तिकेतल्या प्रकाराचंच कूलंट, ठरलेल्या मुदतीत बदललेलं. तयार मिश्रण नसेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळा. नळाच्या पाण्यातले क्षार टर्बोच्या अरुंद वाटांत साचतात. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका, भाजतं. कूलंट पुनःपुन्हा कमी होत असेल आणि गळती दिसत नसेल तर ते कुठेतरी जळतंय, टाळू नका.

पायरी सहावी: पेट्रोल आणि डिझेलचे आपापले नखरे

टर्बो पेट्रोलमध्ये सिलिंडरमधला दाब जास्त, त्यामुळे ठिणगीला उडी मारणं अवघड जातं. प्लगची फट झिजून थोडी वाढली तरी जोर लावताना गाडी झटके देते. प्लग मुदतीत बदला आणि पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचेच बसवा. फट आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची अवेळी न पेटण्याची ताकद, पुस्तिका सांगते तेवढा किंवा जास्त. कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरलं तर सेन्सर अवेळी पेटण्याचा ठोका ओळखून ठिणगी उशिरा पाडायला लावतो, इंजिन वाचतं, पण ताकद जाते आणि बाहेर पडणारे वायू अधिक तापतात. थेट फवारणीच्या इंजिनात आणखी एक गोष्ट: पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर (हवा आत घेणाऱ्या झडपांवर) पडतच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि त्यांच्या पाठीवर कार्बन साचतो. टाकीत ओतायचं कुठलंही औषध तिथपर्यंत पोचत नाही, कारण ते पेट्रोलबरोबरच जातं. साचलेला कार्बन काढायला मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या झोताने मारतात. आयडल थरथरायला लागलं, सुरुवातीचा पिकअप गेला तर हे विचारा. दरवर्षी करायचं काम नाही ते.

डिझेलमध्ये काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करत असताना आयडल थोडं वर जातं, गरम वास येतो, पंखा चालू होतो. अशा वेळी शक्य असेल तर दहा-पंधरा मिनिटं आणखी चालवा, मधेच बंद करू नका.

आणि दोन्हींसाठी, ताकद वाढवून देणारे रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली आज्ञावली बदलणं. घरी बसून कॉम्प्युटरने २० टक्के ताकद वाढते हे खरं असू शकतं. ती ताकद टर्बोला आणखी वेगात फिरवून आणि वायू आणखी तापवून येते. गाडी जुनी असेल, वर सांगितलेल्या नोंदी नसतील, तर त्या वाटेला जाऊ नका.

पायरी सातवी: कान आणि डोळे

जोर लावताना ऐकू येणारी बारीक शिट्टी बऱ्याच टर्बोंत असते. पहिल्या महिन्यातच खिडकी उघडी ठेवून, भिंतीच्या कडेने जाताना ती नीट ऐकून ठेवा. नंतर बदल कळायला हा एकच आधार असतो. शिट्टीची रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखी वरखाली होणारी किंकाळी झाली तर चाक घराला घासत असण्याची शक्यता आहे. गाडी चालवू नका.

धुराचा रंग बघा. निळा म्हणजे तेल जळतंय. आयडलवर बराच वेळ उभी राहून निघताना निळा भपका आला तर टर्बोच्या सीलवर संशय. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, म्हणजे आधी होज. पांढरा दाट आणि न थांबणारा, गोडसर वासाचा, म्हणजे कूलंट. थंडीत सकाळी निघणारी पांढरी वाफ यात मोजू नका.

तेलाचा लाल दिवा चालताना लागला तर पुढचं गॅरेज शोधत बसू नका. बाजूला घ्या आणि लगेच बंद करा. दोन मिनिटं थंड करण्याचा नियम इथे लागू नाही. तेलच नसेल तर चालू ठेवून थंड काय होणार?

डिझेलवाल्यांसाठी एक भीतिदायक पण माहीत असावी अशी गोष्ट. टर्बोचा सील पूर्ण फुटला तर इंजिन आपलंच तेल पिऊन चालू लागतं. फेरे आपोआप चढतात, मागे धुराचा डोंगर उभा राहतो, चावी काढली तरी इंजिन थांबत नाही, कारण ते डिझेलवर चालतच नसतं. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून सगळ्यात वरच्या गिअरमध्ये टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ते जमलं नाही तर गाडीतून उतरून सगळ्यांना लांब न्या. बॉनेट उघडून वाकून बघायची ती वेळ नसते.

पायरी आठवी: खरंच टर्बो गेला असेल तर

मेकॅनिककडून पुरावा मागा. हवेचा होज काढून शाफ्ट बोटांनी हलवून दाखवायला सांगा. आडवी, बाजूची थोडी हालचाल असते. ती तेल भरल्यावर नाहीशी होते. पुढे-मागे खेचल्यावर हाताला जाणवणारा ढिलेपणा, किंवा पात्यांवर घासल्याच्या खुणा, असं काही दिसलं तर निकाल खरा.

मग दुसरा प्रश्न विचारा: का गेला? ‘जुना झाला’ हे उत्तर पुरेसं नाही. कारण न शोधता बसवलेला नवा टर्बो त्याच रोगाने जातो, कधी कधी काही शे किलोमीटरमध्ये. तेल नेणारी नळी नवीच घालायला सांगा, जुनी धुऊन वापरू देऊ नका. आतली खपली धुतल्याने निघत नाही. नळीच्या तोंडाशी बोल्टमध्ये बारीक जाळी असेल तर ती तपासायला लावा. परतीची नळी मोकळी आणि न मुडपलेली हवी. तेलाच्या सांध्यांवर सिलिकॉनचं सोल्यूशन लावू देऊ नका, जे पॅकिंग येतं तेच. दाबून बाहेर आलेला सोल्यूशनचा गोळा नळीत जाऊन बसतो. जुन्याचं चाक फुटलं असेल तर इंटरकूलर आणि होज आतून साफ झालेच पाहिजेत, नाहीतर तिथे पडलेले धातूचे तुकडे थेट इंजिनात जातात. श्वासनळीची झडप, एअर फिल्टर, तेल आणि तेलाचा फिल्टर, सगळं त्याच दिवशी.

शेवटी पहिला स्टार्ट. नव्या टर्बोच्या तेलाच्या तोंडात स्वच्छ तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवतात, मग इंधन बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा मारतात, म्हणजे तेल वरपर्यंत चढतं. त्यानंतर इंजिन चालू करून तीन-चार मिनिटं आयडलवरच. हे होताना तुम्ही तिथे उभे राहा. गाडी ताब्यात घेतल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोर लावू नका, सांध्यांखाली कागद टाकून ठेवा, सकाळी डाग आहे का बघा, आणि वहीत नवं पान सुरू करा.